पॅराट्रूपरचा युनिफॉर्म जमवायचाय? मग ६ जून १९४४ ही एकच तारीख धरून खरेदी करा

जूनच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियात रेडिंगच्या विमान म्युझियममध्ये दुसऱ्या महायुद्धाचा मोठा मेळा भरतो. न्यू जर्सीकडची आपली बरीच मंडळी पोराबाळांना घेऊन जातात, तंबू बघतात, जुनी विमानं बघतात, आणि मग कुणीतरी हमखास विचारतं की अरे हा ड्रेस मिळतो कुठे, मला पण करायचंय. घरी जाऊन रात्री अकरा वाजता ऑनलाइन दुकान उघडायचं आणि जे दिसेल ते कार्टमध्ये टाकायचं, इथेच सगळा घोळ होतो, कारण "अमेरिकन पॅराट्रूपर", म्हणजे विमानातून छत्रीने उतरणारा सैनिक, नावाची एकच वस्तू नसते. १९४३ च्या सिसिलीतला वेगळा, १९४४ च्या जूनमधला नॉर्मंडीचा वेगळा, त्याच वर्षी सप्टेंबरात हॉलंडमध्ये उतरलेला पार वेगळा, माणूस तोच असला तरी कपडे निराळे.

म्हणून हा लेख फक्त एकाच दिवसाबद्दल आहे, ६ जून १९४४, दोस्त सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीला उतरलं तो दिवस, ८२ वी किंवा १०१ वी एअरबोर्न डिव्हिजन. सगळ्यात जास्त माल याच दिवसाचा मिळतो, फोटोही भरपूर आहेत आणि नवीन माणसाला आपल्या युनिटमध्ये, म्हणजे जुन्या सैनिकांचा वेश करणाऱ्या हौशी गटात, घेणारी मंडळीही बहुतेक हेच करतात. तुम्हाला दुसरा दिवस हवा असेल तरी पद्धत हीच: तारीख आधी ठरवायची, आणि त्या तारखेनंतरची एकही वस्तू अंगावर नको.

आधी युनिट गाठा, पाकीट नंतर उघडा

पहिलं काम खरेदीचं नाहीच. साध्या कपड्यात एक-दोन इव्हेंटला जा, तिथल्या रीएनॅक्टमेंट युनिटच्या तंबूत जाऊन बोला. लोक बोलायला एका पायावर तयार असतात, उलट थांबवावं लागतं. प्रत्येक चांगल्या युनिटची स्वतःची नियमावली असते, कुठला सूट चालतो, कुठल्या दुकानाचा रंग चालत नाही, हेल्मेटवर काय रंगवायचं, सगळं लिहून दिलेलं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी पहिल्या इव्हेंटला उसना सेट पण देतात. ती यादी हातात नसताना घेतलेल्या वस्तूंपैकी निम्म्या पुढे विकायला निघतात.

युनिट ठरलं की डिव्हिजन आणि रेजिमेंट ठरते, आणि त्यावर बऱ्याच बारीक गोष्टी ठरतात. ८२ वीच्या लोकांच्या उजव्या बाहीवर अमेरिकन झेंडा दिसतो, १०१ वीत तो फारसा नाही. अंधारात एकमेकांना ओळखायला ती टिकटिक वाजणारी पितळी "क्रिकेट" होती ना, ती १०१ वीची. ८२ वीचा सेट करून गळ्यात क्रिकेट अडकवून फिरलात तर जाणकार लोक हसतात, तोंडावर नाही, पण हसतात. असल्या विसंगत सेटला या छंदातली मंडळी "फार्ब" म्हणतात आणि तो शब्द आपल्याला लागू नये एवढीच सगळ्यांची धडपड असते.

अजून एक, तुम्ही नक्की कधीचा सैनिक आहात, विमानात चढणारा की उतरल्यानंतरचा? विमानात चढणारा करायचा तर टी-५ पॅराशूट, पोटावरचं रिझर्व्ह पॅराशूट, बी-४ लाइफ व्हेस्ट, हे सगळं लागतं आणि खर्च जवळपास दुप्पट होतो. जमिनीवर उतरल्यावर त्यांनी पॅराशूट आणि व्हेस्ट तिथेच शेतात टाकून दिलं. त्यामुळे उतरल्यानंतरच्या सकाळचा सैनिक करा, ऐतिहासिकदृष्ट्या एकदम बरोबर आणि खिशालाही परवडतो.

जम्प सूट: खरी परीक्षा इथे

सूटचं नाव एम १९४२, बोलताना एम-४२. डिझाइन विल्यम यारबरो नावाच्या अधिकाऱ्याचं, पॅराट्रूपरचा पंखवाला बॅज पण त्याचाच. कोटाला चार मोठे फुगीर खिसे, छातीवरचे तिरके, म्हणजे हार्नेस, म्हणजे पॅराशूटचे पट्टे, अंगावर असताना पण हात आत जावा. खिशांना टिचबटणं, पुढे धातूची चेन, कमरेला त्याच कापडाचा पट्टा. आणि गळ्याशी, कॉलरच्या खाली एक छोटा चोरखिसा चेनवाला, त्यात बटण दाबल्यावर उघडणारा चाकू असायचा, झाडात अडकलात तर दोऱ्या कापायला. तो चाकू तुम्ही ठेवू नका, बऱ्याच ठिकाणी असला चाकू बाळगणं बेकायदेशीर आहे, इंग्लंडमध्ये तर नाहीच नाही. खिसा रिकामा ठेवा, कुणी उघडून बघत नाही.

विकत घेताना चार गोष्टी बघा. पहिली रंग. मूळ कापड खाकीकडे झुकणारं, किंचित हिरवट छटा. स्वस्तातले सूट एकतर शेवाळी हिरवे असतात नाहीतर पिवळेजर्द. वेबसाइटवरचा फोटो बघून रंग कळत नाही, विक्रेत्याला सांगा की बाहेर उन्हात, शेजारी पांढरा कागद ठेवून फोटो पाठव. चांगला विक्रेता पाठवतो, टाळाटाळ केली तर पुढे व्हा. दुसरी चेन, धातूचीच हवी, प्लॅस्टिकची दिसली की विषय संपला. तिसरी, खिशांची घडी, खिसा भरल्यावर फुगायला बाजूला कापड दुमडलेलं असतं, स्वस्त सूटमध्ये ते वाचवतात आणि खिसा सपाट पाकिटासारखा दिसतो. चौथी पॅन्टचे मांडीवरचे खिसे, चांगले मोठे हवेत, रेशनचे डबे आणि ग्रेनेड त्यात जायचे.

दुकानं बरीच आहेत. अमेरिकेत ॲट द फ्रंट, व्हॉट प्राइस ग्लोरी, डब्ल्यूडब्ल्यूटू इम्प्रेशन्स ही नावं तुम्हाला प्रत्येक युनिटच्या यादीत दिसतील, ब्रिटनमध्ये सोल्जर ऑफ फॉर्च्युन आणि एपिक मिलिटेरिया. गंमत म्हणजे या धंद्यातला बराच रेप्रो, म्हणजे जुन्यासारखा नव्याने बनवलेला माल भारत, पाकिस्तान आणि चीनमध्येच शिवला जातो, म्हणजे आपल्याकडून निघून अमेरिकेत जाऊन परत आपल्याच गळ्यात. कोट-पॅन्ट मिळून साधारण २०० ते ३०० डॉलर धरून चला.

आता माप. इथे आपली जीन्सची सवय नडते. आपण हल्ली पॅन्ट कमरेच्या खाली, कुल्ल्यांवर घालतो, तेव्हाची पॅन्ट बेंबीजवळ बसायची. त्यामुळे जीन्सवरचा ३४ आकडा विसरा, टेप घेऊन बेंबीच्या रेषेत माप घ्या, आणि आपल्यापैकी ज्यांची ढेरी सुटलीये त्यांनी श्वास न रोखता घ्या. छातीचं माप आतला लोकरी शर्ट घालून घ्या, कारण नॉर्मंडीत जम्प सूटच्या आत लोकरीचा शर्ट आणि लोकरीची पॅन्ट दोन्ही होतं. पेनसिल्व्हेनियाच्या जूनमध्ये लोकरी पॅन्ट घालायला मी तरी सांगणार नाही, शर्ट घाला, बास. पण सूट मात्र आत कपडे मावतील एवढा सैल हवा. फोटोत बघा, कुणाचाच सूट चापून चोपून बसलेला नाही, हाताखाली कापड लोंबतंय, गुडघ्यावर फुगलंय. फिट बसणारा सूट हा नवीन माणसाची पहिली खूण.

सूट आला की लगेच एकदा गरम पाण्यात धुवून वाळवा. कॉटन आहे, आकसणार आहे, ते आत्ताच आकसू दे.

रिगरची ठिगळं

नॉर्मंडीच्या सूटची खरी ओळख हीच. सिसिली आणि इटलीत लक्षात आलं की एम-४२ चं कापड कोपरावर, गुडघ्यावर आणि खिशांच्या कडेला फाटतंय. मग इंग्लंडमध्ये मुक्काम असताना रिगर लोकांनी, म्हणजे जे पॅराशूट शिवायचे आणि घडी घालायचे, त्यांनी जाड कॅनव्हासची ठिगळं लावली आणि मांडीला बांधायच्या नाड्या शिवल्या. तयार ठिगळवाला सूट विकत मिळतो, पण साधा सूट घेऊन स्वतः लावलीत तर पैसेही वाचतात आणि दिसतंही जास्त खरं, कारण तेव्हा ते वेगवेगळ्या हातांनी घाईघाईत झालेलं काम होतं, प्रत्येकाचं थोडं वेगळं.

लागणारं सामान: ऑलिव्ह रंगाचा कॉटन कॅनव्हास, १० औंसाच्या आसपासचा, सिंथेटिक नको. इंचभर रुंदीची कॉटनची नाडी, दोन-तीन मीटर. खाकी किंवा ऑलिव्ह जाड दोरा. मशीनला १६ किंवा १८ नंबरची सुई, साध्या सुईने केलंत तर सुया मोडत बसाल. शिंप्याचा खडू आणि टाचण्या.

कॅनव्हास आधी धुवून घ्या, नाहीतर लावल्यानंतर धुतलात की ठिगळ आकसतं आणि कापडाला चुण्या पडतात. मग सूट अंगात घाला, कोपर वाकवा, आणि दुसऱ्या कुणाला तरी खडूने कोपराच्या टोकावर खूण करायला सांगा. हात सरळ ठेवून खूण केलीत तर ठिगळ वर जातं. त्या खुणेच्या वर चार बोटं, खाली चार बोटं, रुंदीला बाहीच्या मागच्या निम्म्या भागाएवढं, असा तुकडा कापा, सगळीकडून अर्धा इंच दुमडीसाठी जास्त धरून. गुडघ्याचं तसंच, पण बसून खूण करा, आणि ठिगळ गुडघ्याच्या खाली जरा जास्त येऊ द्या, कारण रांगताना घासतो तो नडगीचा वरचा भाग.

आता खरी अडचण. बाही आणि पायाची नळी बंद असते, मशीनखाली सपाट जात नाही. फ्री आर्म वालं मशीन असेल तर बाही त्यावर चढवून थोडं थोडं फिरवत करता येतं. नसेल तर शिवण उसवा, बाहीची हाताखालची आणि पायाची आतली, ठिगळाच्या वर-खाली वीतभर मोकळी होईल एवढी, ठिगळ लावा आणि परत शिवून टाका. किचकट वाटतं पण निम्म्या वेळात होतं. आधी कडा दुमडून इस्त्री करा, टाचण्या लावा, धावदोरा घाला, मग कडेलगत एक टीप आणि पाव इंच आत दुसरी टीप. कोपऱ्यांवर जरा मागे-पुढे करून टीप पक्की करा. टीप अगदी सरळ आली नाही तर उसवू नका, खरंच सांगतो, तशीच ठेवा.

खिशांच्या कडांना, मांडीच्या खिशाच्या तळाला आणि बाजूला, कॅनव्हासची पट्टी दुमडून लावतात. इथे खूप थर होतात, मशीन अडकलं तर हाताने चाक फिरवा, जबरदस्ती करू नका. नाड्या मांडीच्या खिशाच्या उंचीला, एक बाहेरच्या बाजूला आणि एक आतल्या, टोकाला चौकोन करून आत फुली अशी टीप मारायची म्हणजे ओढली तरी सुटत नाही. खिसे भरले की नाडी मांडीभोवती फिरवून बांधायची, त्यामुळे चालताना खिसा पायावर आपटत नाही. एकदा भरलेल्या खिशांनी पाऊण मैल चालून बघा, नाड्यांचं महत्त्व आपोआप कळेल.

हे सगळं जमत नसेल तर इंडियन स्टोअरच्या आजूबाजूला अल्टरेशनवाली एखादी मावशी असतेच, तिला फोटो दाखवा. पण आधीच सांगून ठेवा की "फिटिंग करू नका", नाहीतर प्रेमापोटी ती सूट कमरेत आवळून देते.

बाहीवरचा डिव्हिजनचा बिल्ला डाव्या खांद्याला, वर "एअरबोर्न" ची वेगळी पट्टी, दोन्ही हातशिलाईने लावा. ८२ वीचा झेंडा लावताय तर तारे मोजा. १९४४ मध्ये ४८ राज्यं होती, अलास्का आणि हवाई १९५९ मध्ये आली. ५० ताऱ्यांचा झेंडा लावून फिरणारे महाभाग दर वर्षी भेटतात.

बूट

बूट स्वस्तातले घेऊ नका, बाकी कशावरही काटकसर करा. जम्प बूट उंच, तपकिरी, पुढे टोकावर वेगळी शिवलेली टोपी, आणि टाचेची पुढची कड तिरकी कापलेली, म्हणजे विमानात दोऱ्यांमध्ये अडकू नये. कॉर्कोरन कंपनी आजही जम्प बूट बनवते आणि युद्धातही बनवायची, पण दुकानात समोर ठेवलेला काळा असतो, तुम्हाला तपकिरी हवा. काळा बूट ही नंतरच्या काळातली भानगड आहे, तारखेत बसत नाही. रेप्रोवाल्यांकडे पण चांगले मिळतात.

माप घेताना जाड लोकरी मोजे घालून घ्या, संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. मग इव्हेंटच्या दोन महिने आधीपासून घरात, कचरा टाकायला जाताना, कुत्र्याला फिरवताना घाला. नवे बूट घालून थेट मैदानात उतरलात तर दुपारपर्यंत टाचेला फोड आलाच म्हणून समजा. मैदानासाठी डबिन, म्हणजे चामड्याला लावायचं मेण, चोळा, चमकवायची गरज नाही. पॅन्ट बुटात खोचून वर थोडी फुगवायची, हा पॅराट्रूपरचा माज होता, तो नीट दिसला पाहिजे.

हेल्मेट

सगळे जण हेल्मेट आधी घेतात. मी म्हणतो शेवटी घ्या, कारण हेच सगळ्यात महाग आणि सगळ्यात जास्त फसवाफसवी यातच आहे. पॅराट्रूपरचं हेल्मेट दोन प्रकारचं, एक एम-२, ज्याला पट्टा अडकवायची कडी इंग्रजी डी अक्षरासारखी असायची आणि ती पक्की जोडलेली असायची, आणि दुसरं साधं एम-१, पक्क्या कडीचं, त्यात पॅराट्रूपरचा लायनर, म्हणजे आतला हलका टोप, बसवलेला. डीवाली कडी सहज तुटायची म्हणून पुढे एम-१सी आलं, हलणाऱ्या कडीचं, पण ते नॉर्मंडीत नव्हतं. नवखा विक्रेता "पॅराट्रूपर हेल्मेट" म्हणून एम-१सी दाखवतो आणि किंमत ऐकून वाटतं स्वस्तात मिळालं. तारीख विचारा.

ओरिजिनल एम-२ आता संग्राहकांच्या किमतीला जातं, घालून मैदानात लोळायचं सामान नाही ते. म्हणून युद्धानंतर युरोपातल्या देशांनी बनवलेलं एम-१ सारखं टोप घेऊन त्यावर नवी डी कडी जोडून देतात ते घ्या. बघायचं काय, तर लोखंडी कडेची जी पट्टी असते तिचा जोड पुढे आहे की मागे. युद्धाच्या बहुतेक काळात जोड पुढे, भुवयांच्या मधोमध वर असायचा, १९४४ च्या शेवटाकडे तो मागे गेला. मागे जोड असलेलं हेल्मेट म्हणजे परत तारखेचा घोळ. पुढे जोड असेल तरच पैसे टाका. रंग खरखरीत हवा, मूळ रंगात कॉर्कचा चुरा टाकायचे, घरी करायचं तर बारीक भुसा चाळून ओल्या रंगावर भुरभुरवा आणि वर दुसरा हात मारा.

आतला लायनर महत्त्वाचा. पॅराट्रूपरच्या लायनरला दोन्ही कानांशी इंग्रजी ए च्या आकाराच्या पट्ट्या असतात आणि हनुवटीला चामड्याचा कप. बाहेरच्या टोपाच्या पट्ट्याला जास्तीचं टिचबटण असतं ते लायनरला लागतं, म्हणजे उडी मारताना टोप आणि लायनर वेगवेगळे उडून जाऊ नयेत. हे टिचबटण घरी दहा वेळा लावून-काढून बघा, रेप्रोमध्ये ते बरेचदा बसत नाही.

१०१ वीत हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना पत्त्यांची चिन्हं रंगवायचे. ५०६ व्या रेजिमेंटला इस्पिक, ५०२ ला बदाम, ५०१ ला चौकट, ३२७ व्या ग्लायडर रेजिमेंटला किलवर. शेजारी एक छोटी खूण बटालियन सांगते, घड्याळाप्रमाणे: हेडक्वार्टर १२ वर, पहिली बटालियन ३ वर, दुसरी ६ वर, तिसरी ९ वर. स्टेन्सिल कापून पांढऱ्या रंगाने थापा, चिन्ह फार रेखीव आलं तर खोटं दिसतं. वर जाळी आणि जाळीला बांधलेलं फर्स्ट एडचं पाकीट.

पट्टे, पिशव्या आणि वजन

रायफलवाल्या सैनिकाला एम १९२३ चा दहा खिशांचा काडतुसी पट्टा. प्रत्येक खिशात गॅरंड रायफलची ८ गोळ्यांची एक क्लिप, म्हणजे ८० गोळ्या. रिकामे खिसे लोंबतात आणि वाईट दिसतात, खऱ्या क्लिपा घेण्याइतके पैसे नसतील तर लाकडाचे ठोकळे त्या मापाचे कापून भरा, वजन आणि आकार दोन्ही येतं. पट्ट्याला एम १९३६ चे खांदेपट्टे आणि त्यांनाच पाठीवर एम १९३६ ची म्युझेट पिशवी. पॅराट्रूपर पायदळाची लांबोडी हॅवरसॅक वापरत नव्हते, हीच पिशवी.

मग वॉटरबॉटल, फर्स्ट एड पाउच, टी आकाराच्या मुठीचं फावडं, आणि उजव्या पायाला बुटावर बांधलेला एम-३ चाकू. रेप्रो चाकूला धार असते, कानस मारून बोथट करा, गर्दीत लहान मुलं असतात. ८२ वी असो की १०१ वी, रिगरने शिवलेले जास्तीचे चौकोनी पाउच पण फोटोत खूप दिसतात, ते स्वस्तात मिळतात आणि सेटला एकदम नॉर्मंडीचा रंग येतो.

वेबिंगचे, म्हणजे या कापडी पट्ट्यांचे आणि पिशव्यांचे, दोन रंग आहेत. आधीचा फिकट, वाळूसारखा, आणि नंतरचा गडद हिरवा. जून १९४४ ला फिकट जास्त, थोडा हिरवा मिसळलेला चालतो, सगळं हिरवं असेल तर तुम्ही १९४५ चे झालात. ओरिजिनल पट्टे आणि पिशव्या अजून वाजवी किमतीत मिळतात, घेताना झाकण उघडून आतला शिक्का वाचा, वर्ष छापलेलं असतं. १९४५ चा शिक्का असलेला माल स्वस्त मिळतो तो याच कारणाने. वॉटरबॉटलमध्ये खरंच पाणी पिणार असाल, आणि प्यालच, तर ओरिजिनल स्टीलची घ्या, कसल्या धातूची माहीत नाही अशा रेप्रोतून पाणी पिऊ नका.

पट्टा कोट घालूनच ॲडजस्ट करा, टी-शर्टवर केलात तर मैदानात बक्कलच लागत नाही. जड वस्तू मागे आणि बाजूला, पोटापाशी काही नको, नाहीतर पोटावर झोपायला सांगितलं की हाल.

चेहरा, खिसे आणि बाकी बारीकसारीक

चष्मा. आपल्यात चष्मा नसलेला माणूस शोधावा लागतो, आणि जाड काळी चौकोनी फ्रेम या युनिफॉर्मवर इतकी खटकते की बाकी हजार डॉलर पाण्यात. गोल धातूची फ्रेम करून घ्या, नाहीतर लेन्स. दाढी साफ. काहींना मोहॉक कापायची हौस असते, तसे कापलेले लोक खरंच होते पण मूठभर, आणि सोमवारी ऑफिसला जायचंय. स्मार्टवॉच काढा, फोन म्युझेटमध्ये.

गळ्यातल्या ओळखपट्ट्यांना कडेला खाच हवी, आणि रबराच्या कडा नकोत, त्या नंतर आल्या. सिगारेटचं रिकामं पाकीट ठेवायचं तर लकी स्ट्राइक पांढरं, हिरवं पाकीट १९४२ मध्येच बंद झालं. रँक साधा प्रायव्हेट, छातीवर एकही मेडल-रिबन नाही, बरीच युनिटं याबाबत कडक आहेत आणि बरोबर आहे त्यांचं, ते लोकांनी रक्त देऊन मिळवलेलं आहे.

कपडा मुद्दाम मळवून, ब्लीच टाकून "जुना" करू नका. त्या रात्रीचे सूट उलट विषारी वायूपासून वाचायला रसायनात बुडवलेले, चिकट, ताठ आणि वास मारणारे होते. ते करायला कुणी सांगत नाही, दोन इव्हेंट लोळलात की सूट आपोआप रंगाला येतो.

बंदूक आणि कायदा

नवीन माणसाने डेनिक्ससारख्या कंपनीची न उडणारी प्रतिकृती घ्यावी, गॅरंड किंवा घडीच्या दस्त्याची एम१ए१ कार्बाइन. ब्लँक, म्हणजे बिनगोळीचं काडतूस, उडवणाऱ्या खऱ्या बंदुका हा पुढचा टप्पा, तो युनिटच्या देखरेखीखाली आणि आपापल्या राज्याचा कायदा बघून. प्रतिकृती असली तरी गाडीतून नेताना केसमध्ये, डिकीत. पेट्रोल पंपावर पूर्ण ड्रेसमध्ये बंदूक खांद्याला लावून उतरू नका, तुम्हाला माहितीये ती खोटी आहे, समोरच्याला माहीत नाही, आणि आपल्या रंगाच्या माणसाने तर अजिबात ही हौस करू नये. इंग्लंडमध्ये खऱ्यासारख्या दिसणाऱ्या प्रतिकृतीवर २००६ च्या कायद्याने बंधनं आहेत, रीएनॅक्टरला सूट आहे पण ती मान्यताप्राप्त गटामार्फत.

पॅराशूट हार्नेस रेप्रो घेतलंत तर ते फक्त दाखवायला, छताच्या हुकाला सुद्धा लटकू नका.

भारतात असाल तर बाहेर जाताना सावध. सैनिकाचा गणवेश घालून आपण सैनिक आहोत असं भासवणं हा गुन्हा आहे, पूर्वी भादंविचं १४० कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेचं १६८. १९४४ चा अमेरिकन सूट घालून घरी फोटो काढायला कुणाची हरकत नाही, पण आपल्या पॅराट्रूपरच्या मरून टोपीला आणि आजच्या भारतीय लष्कराच्या कुठल्याही चिन्हाला हात लावू नका, आणि प्रतिकृती बंदूक बॅगेत भरून मुंबई विमानतळावर उतरायचा विचार पण नको.

आपला म्हणून काही करायचं मनात असेल तर विषय आहेत. ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड १९४१ मध्ये दिल्लीत उभी राहिली आणि मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला लढली, तेही छत्रीने न उतरता पायदळ म्हणून. आणि मराठा लाइट इन्फंट्रीतून गेलेली २ पॅरा ही बटालियन ११ डिसेंबर १९७१ ला आताच्या बांगलादेशात टांगाइलला उतरली. पण यांचा रेप्रो माल तयार मिळत नाही, तुकड्या-तुकड्यांनी शिवून घ्यावा लागतो, म्हणून पहिला सेट हा करू नका.

घेण्याचा क्रम

माझा सल्ला असा: आधी बूट आणि मोजे, कारण त्यांना मुरायला वेळ लागतो. मग सूट आणि लोकरी शर्ट. मग पट्टा, खांदेपट्टे, वॉटरबॉटल, फर्स्ट एड. एवढ्यात युनिटकडून हेल्मेट आणि बंदूक उसनी मिळते, पहिला सीझन निघून जातो. मग हेल्मेट, मग पिशवी आणि फावडं, सगळ्यात शेवटी प्रतिकृती. एकूण १,००० ते १,५०० डॉलर लागतात, पण वर्षभरात विभागले की घरात भांडण होत नाही.

इव्हेंटहून आल्यावर सूट थंड पाण्यात, चेन लावून, उलटा करून धुवा. वेबिंग मशीनमध्ये कधीच नाही, ब्रश आणि गार पाणी, सावलीत वाळवायचं. लोकरी शर्टाला कसर लागते, तो डांबराच्या गोळ्यांसकट बंद डब्यात. बुटांमध्ये वर्तमानपत्र कोंबून ठेवा आणि हेल्मेटच्या कडेला ओरखडा पडला असेल तर तेवढ्यावर रंगाचा हात मारा, गंज एका पावसात धरतो.